शेवाळ खाणारा 'सकर' मासा : टाकीत ठेवावा की नाही?

चिखलीहून खामगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर अमडापूर हे गाव लागते. सोयाबीन, तूर, हरभरा पिकविणाऱ्या कास्तकारांचा हा भाग. या गावात मोबाईल दुरुस्तीचे दुकान चालविणाऱ्या एका तरुणाने दुकानाच्या दर्शनी बाजूला पाच काचेच्या टाक्या मांडल्या आणि रंगीत मासे विकायला सुरुवात केली. मुले थांबू लागली, मुलांमागे आईबाप थांबू लागले आणि जोडधंदा बऱ्यापैकी चालू लागला. आमची गाठ पडली तेव्हा मात्र तो काळजीत होता.

त्याने आम्हाला सरळच विचारले, "साहेब, हे सकर मासे मी ठेवावेत की बंद करावेत? पहिल्या खेपेला तीस आणले, आठ दिवसांत संपले. आता तेच गिऱ्हाईक येऊन भांडते. म्हणते, टाकी तर हिरवीच आहे अन् तुझा सफाईवाला कोपऱ्यात पडून राहतो. तिकडे घाऊकवाला फोन करतो, पन्नास घे, भाव कमी करतो."

हा प्रश्न एकट्या अमडापूरच्या दुकानदाराचा नाही. लहान गावांतूनही आता फिश टँक घराघरांत दिसतात आणि बहुतेक टाक्यांत काचेला चिकटलेला एक काळपट, ठिपक्याठिपक्यांचा मासा असतोच. म्हणून या माशाची माहिती, त्याच्या फायद्या-तोट्याचा हिशेब आणि त्याला पर्याय काय, हे आम्ही येथे सविस्तर देत आहोत. पाळणाऱ्यांना आणि विकणाऱ्यांना, दोघांनाही ते उपयोगी पडावे.

मासा कोणता?

बाजारात ज्याला 'सकर' किंवा 'टँक क्लीनर' म्हणतात तो मार्जारमीन वर्गातील, म्हणजे मिशीवाल्या माशांपैकी एक होय. आपल्याकडचा मागूर किंवा शिंगटीही याच मोठ्या वर्गात येतात. मात्र सकर हा आपल्या देशाचा नव्हे. त्याचे मूळ दक्षिण अमेरिकेतील अ‍ॅमेझॉन, ओरिनोको अशा नद्यांच्या खोऱ्यांत आहे. त्याच्या अंगावर खवल्यांऐवजी हाडासारख्या कठीण पट्ट्या असतात. तोंड खालच्या बाजूला असून ते वाटीसारखे चिकटते. वाहत्या पाण्यात दगडाला किंवा लाकडाला धरून राहावे आणि त्यावरचे शेवाळ खरवडून खावे, अशी निसर्गाने त्याची रचना केलेली आहे. दिवसा तो लपून राहतो आणि रात्री हिंडतो. त्यामुळे तो 'कोपऱ्यात पडून राहतो' या तक्रारीत माशाचा दोष नाही. आपण दिवे लावून बघतो ती त्याची झोपेची वेळ असते.

दुकानात तो २ ते ३ इंचांचा असतो, आणि सर्व घोटाळा येथेच होतो. हा मासा कायम एवढाच राहणार अशी गिऱ्हाइकाची समजूत असते. प्रत्यक्षात चांगल्या पाण्यात तो एक ते दीड फुटापर्यंत वाढतो आणि दहा वर्षांहून अधिक जगू शकतो. लहान टाकीत त्याची वाढ खुंटते, परंतु ते कुपोषित मुलाची उंची खुंटण्यासारखे आहे. त्याला कोणी 'टाकीच्या मापाने वाढला' असे म्हणू नये.

तो खरोखर शेवाळ खातो काय?

खातो, पण सगळे नाही आणि आयुष्यभरही नाही.

टाकीतील शेवाळ एकाच जातीचे नसते. नवीन टाकीत पहिल्या काही आठवड्यांत तपकिरी थर चढतो. तो हाताने पुसला तरी निघतो आणि लहान सकर तो आवडीने खातो. काचेवरचा मऊ हिरवा थरही तो खातो. परंतु पाणीच मुगाच्या कढणासारखे हिरवे झाले असेल, तर ते शेवाळ पाण्यात तरंगत असते. ते या माशाच्या तोंडाला लागत नाही. दगडांवर, झाडांच्या पानांच्या कडांवर येणारे काळे, दाढीसारखे शेवाळ तो सोडून देतो. निळसर हिरवा, बुळबुळीत, वास येणारा थर असतो, त्यालाही तो सहसा तोंड लावत नाही. गिऱ्हाईक बहुतेक वेळा याच तीन प्रकारांनी हैराण होऊन दुकानात येते आणि सकर घेऊन घरी जाते. मग गुण कसा येणार?

दुसरी गोष्ट वयाची. लहानपणी हा मासा शेवाळ खरवडण्यात मेहनती असतो. मोठा झाला की त्याला इतर माशांसाठी टाकलेले दाणे खाली पडतात ते सापडतात. आयते मिळू लागल्यावर खरवडण्याचे कष्ट तो कशाला करील? शिवाय मोठा, भुकेला सकर रात्री गोल्डफिशसारख्या रुंद व संथ माशांच्या अंगाला चिकटून त्यांच्या अंगावरचा चिकट थर चाटतो. त्या माशांच्या अंगावर चट्टे पडतात, पुढे जखम होऊन मासा दगावतो आणि मालकाला वाटते की रोग आला.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. शेवाळ खाणारा मासा विष्ठाही टाकतो, आणि सकर ती फार टाकतो. माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य कुजून प्रथम अमोनिया तयार होतो. टाकीतील जिवाणू त्याचे नायट्राइट आणि नंतर नायट्रेट करतात. हे नायट्रेट आणि खाद्यातून येणारे फॉस्फेट म्हणजे शेवाळाचे खतच होय. आपल्या शेतात युरिया आणि सुपर फॉस्फेट पिकाला जे देतात, तेच येथे शेवाळाला मिळते. म्हणजे लहान टाकीतला मोठा सकर एका बाजूने काच पुसतो आणि दुसऱ्या बाजूने शेवाळाला खत घालतो. टाकी माशाने साफ केली, पण माशाची घाण कोण साफ करणार? ते काम शेवटी मालकाच्याच हाती येते.

टाकीच्या मापाचा हिशेब

आपल्याकडे घरोघरी जी टाकी असते ती साधारण २ फूट लांब, १ फूट रुंद व १ फूट उंच. म्हणजे २ घनफूट. एका घनफुटात सुमारे २८ लिटर पाणी मावते, म्हणून काठोकाठ भरली तरी या टाकीत ५६ लिटर पाणी बसते. खडी आणि वरची मोकळी जागा वजा केली तर ४५ ते ५० लिटरच उरते. आता दीड फुटाचा मासा एक फूट रुंदीच्या टाकीत टाकला तर त्याला वळताही येणार नाही, हे सांगायला तज्ज्ञ नको.

पूर्ण वाढलेल्या सकरला किमान ६ फूट लांब, २ फूट रुंद व २ फूट उंच टाकी पाहिजे. म्हणजे २४ घनफूट, सुमारे ६८० लिटर. नुसत्या पाण्याचेच वजन ६८० किलो भरेल. काच, खडी, लोखंडी स्टँड वेगळे. एवढी टाकी आपल्या किती घरांत बसेल आणि किती घरांच्या जमिनीला ती पेलेल, याचा विचार प्रत्येकाने करावा.

आता पैशाचा हिशेब मांडू. पुढील आकडे आम्ही केवळ समजुतीसाठी घेतले आहेत, आपापल्या गावचे भाव घालून पाहावेत. समजा, मासा ६० रुपयांना घेतला. शेवाळ पुरत नाही म्हणून त्याला तळाला बसणाऱ्या गोळ्या द्याव्या लागतात. त्यांचा खर्च महिना ५० रुपये धरला तरी वर्षाला ६०० रुपये झाले. घाण वाढली म्हणून फिल्टर मोठा घ्यावा लागला, तो ८०० रुपयांचा धरू. पहिल्याच वर्षी खर्च १,४६० रुपये. दुसऱ्या बाजूला काच घासायचा स्पंज २० ते ३० रुपयांना मिळतो आणि आठवड्यातून दहा मिनिटे लागतात. शेवाळ काढण्यासाठीच मासा घेत असाल, तर तो सौदा तोट्याचा आहे, हे स्पष्ट दिसते. मासा आवडतो म्हणून घेत असाल तर गोष्ट वेगळी.

दुकानदाराचाही हिशेब पाहू. समजा, २५ रुपयांप्रमाणे ५० सकर आणले, खर्च १,२५० रुपये. वाटेत व टाकीत ५ मेले. उरलेले ४५ प्रत्येकी ६० रुपयांना विकले, तर आले २,७०० रुपये. नफा १,४५० रुपये, आणि तोही एकदाच. आता असे समजा की या माशामुळे नाराज होऊन दोन नेहमीची गिऱ्हाइके तुटली. ती दरमहा प्रत्येकी ३०० रुपयांचे खाद्य, औषध, मासे नेत होती आणि त्यावर ९० रुपये सुटत होते. दोघांचे वर्षाचे २,१६० रुपये गेले. म्हणजे पन्नास माशांचा सारा नफा दोन माणसांच्या नाराजीत बुडाला आणि वर पदरचे ७१० रुपये गेले. मोठ्या शहरात एक गिऱ्हाईक गेले तर दुसरे येते. अमडापूरसारख्या गावात सगळे एकमेकांना ओळखतात. येथे दुकानदाराचे खरे भांडवल म्हणजे त्याच्या शब्दावरचा विश्वास.

शेवाळ येतेच का?

रोग समजला तर औषध सापडते. शेवाळाला दोन गोष्टी लागतात, उजेड आणि खत. आपल्याच जिल्ह्यातील लोणारचे सरोवर पाहा. त्याचे खारट, अल्कधर्मी पाणी वर्षानुवर्षे हिरवे दिसते ते निळ्या-हिरव्या शेवाळामुळेच. ऊन भरपूर आणि पोषक द्रव्ये भरपूर, मग शेवाळ वाढणारच. (जून २०२० मध्ये हेच पाणी गुलाबी झाले होते, ते मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे.) आपली टाकी म्हणजे एक लहान तळेच असते. नियम तिलाही तोच लागू होतो.

म्हणून टाकी हिरवी होत असल्यास पुढील उपाय क्रमाने करावेत.

१) टाकीवर थेट ऊन पडू देऊ नये. खिडकीसमोरची किंवा अंगणाच्या दारासमोरची टाकी आतल्या भिंतीकडे हलवावी. निम्म्या तक्रारी एवढ्यानेच मिटतात.

२) टाकीतील दिवा दिवसाकाठी ६ ते ८ तासच लावावा. दुकानात शोभेसाठी सकाळपासून रात्रीपर्यंत दिवा जळतो, तेथे शेवाळ हमखास येते. टायमर बसविल्यास विसरण्याचा प्रश्न राहत नाही आणि विजेचीही बचत होते.

३) खाद्य कमी करावे. दोन मिनिटांत मासे जेवढे संपवितात तेवढेच द्यावे. घरातील प्रत्येक जण जाता-येता चिमूटभर टाकतो, ही सवय मोडावी. खाद्य देण्याचे काम एकाच माणसाकडे ठेवावे.

४) दर आठवड्याला २० ते २५ टक्के पाणी बदलावे. सगळे पाणी एकदम उपसून टाकी घासून काढू नये. त्यामुळे उपयोगी जिवाणू मरतात आणि मासेही दगावतात. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. असे पाणी बादलीत २४ तास उघडे ठेवावे किंवा दुकानात मिळणारे क्लोरीन मारणारे औषध टाकावे. बोअरचे पाणी आपल्याकडे बहुधा जड असते. बऱ्याच माशांना ते चालते, पण नवीन माशाला हळूहळू सवय करावी.

५) माशांची संख्या आवरावी. दोन फुटांच्या टाकीत वीस मासे कोंबून शेवाळ नको म्हणणे, हे शेतात खत ओतून तण नको म्हणण्यासारखे आहे.

६) टाकीत जिवंत पाणवनस्पती लावाव्यात. त्या शेवाळाच्या तोंडचे खत काढून घेतात.

७) आणि स्पंज हाती घ्यावा. याहून स्वस्त सफाई कामगार अद्याप निघालेला नाही.

मासाच हवा असेल तर कोणता?

एवढे करूनही ज्यांना शेवाळ खाणारा मासा ठेवण्याची हौस आहे त्यांनी 'ब्रिसलनोज' या नावाने मिळणारा लहान मार्जारमीन घ्यावा, असे आम्ही सुचवितो. तो सकरचाच चुलतभाऊ, पण ४ ते ५ इंचांवर थांबतो. शेवाळ खाण्यात तो मोठेपणीही आळस करीत नाही. नराच्या तोंडावर मांसल काटे किंवा मिशा फुटतात, त्यावरून तो ओळखता येतो. अडीच ते तीन फुटांच्या टाकीत एक पुरेसा होतो. दोन नर एका लहान टाकीत ठेवू नयेत, भांडतात.

'ओटो' नावाचा दीड-दोन इंचांचा मासाही मिळतो. तो गुणी आहे, परंतु नाजूक आहे. जुनी, स्थिरावलेली टाकी आणि सहा-सात जणांची सोबत त्याला लागते. नव्या टाकीत टाकल्यास बहुतेक वेळा उपाशी मरतो. नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

येथे एका फसगतीपासून सावध करणे आवश्यक आहे. पिवळ्या सोनेरी रंगाचा, लांबट, काचेला चिकटणारा एक मासाही 'गोल्डन सकर' म्हणून विकला जातो. तो मार्जारमीन नव्हेच. लहानपणी शेवाळ खातो, मोठेपणी भांडखोर होतो आणि इतर माशांच्या अंगाला चिकटतो. तसेच 'कोरी' या नावाने मिळणारे लहान, मिशीवाले मासे तळातले खाद्य वेचतात, शेवाळ खात नाहीत. तेव्हा नावावर जाऊ नये. मासा कोणता आणि मोठेपणी केवढा होतो, हे दोन प्रश्न विचारूनच पैसे द्यावेत.

घेताना पोट पाहावे. काचेला चिकटलेल्या माशाचे पोट समोरून दिसते. ते खपाटीला गेलेले असेल, डोळे आत गेलेले असतील तर तो मासा कितीही स्वस्त मिळाला तरी महागात पडतो.

घरी आणल्यावर टाकीत भिजवलेल्या लाकडाचा तुकडा ठेवावा, हे मासे तो खरवडतात. आठवड्यातून दोनदा काकडीची चकती, दोडका किंवा वाफवलेले पालकाचे पान दिवा मालविल्यावर टाकावे आणि उरलेले सकाळी काढावे. औषधे घालताना, विशेषतः तांबेयुक्त औषध असल्यास, फार जपावे. ते या माशांना सोसत नाही.

आपल्या विदर्भाच्या उन्हाळ्याबद्दल वेगळे सांगितले पाहिजे. ब्रिसलनोजला २२ ते २८ अंश तापमान मानवते. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या घरातील टाकीचे पाणी याच्या कितीतरी वर जाते. पाणी जितके गरम तितका त्यातील प्राणवायू कमी. अशा दिवसांत झाकण काढून वर जाळी टाकावी, पंख्याचा वारा पाण्याच्या पृष्ठभागावर घ्यावा, बाहेरून ओले गोणपाट लावावे आणि हवेचा पंप चालू ठेवावा. वीज जाते त्या भागात बॅटरीवर चालणारा छोटा पंप घेऊन ठेवावा. एका दुपारी दहा मासे वाचले तरी त्याची किंमत वसूल होते.

टाकीबाहेरचे नुकसान

आतापर्यंतची गोष्ट घरातल्या पाच-पन्नास लिटर पाण्याची झाली. खरा धोका पुढे आहे.

मासा मोठा झाला, टाकीत मावेना, की पुष्कळ लोक दयेपोटी त्याला गावतळ्यात, विहिरीत, नदीत किंवा धरणात सोडून देतात. मारण्यापेक्षा सोडणे बरे, अशी त्यांची भावना असते. भावना चांगली, परिणाम वाईट. सकरला आपल्या पाण्यात फारसा कोणी शत्रू नाही. अंगावर चिलखत आणि परांना कठीण काटे, त्यामुळे इतर मासे व पक्षी त्याला सहज गिळू शकत नाहीत. पाण्यातला प्राणवायू संपला तरी तो वर येऊन हवा गिळतो व जगतो. ओलावा असल्यास पाण्याबाहेरही कित्येक तास तग धरतो. अंडी घालण्यासाठी काठाच्या मातीत खोल बिळे करतो, त्यामुळे काठ ढासळतात. मच्छीमारांच्या जाळ्यात अडकला की काट्यांनी जाळे फाडतो आणि बाजारात त्याला कोणी विचारीत नाही.

हे कोठे तरी दूर घडलेले नाही. पुणे-सोलापूर भागातील भीमा नदीवरच्या उजनी जलाशयात हा मासा पोहोचलेला आहे आणि तेथील मच्छीमारांच्या तक्रारी आहेत. २०२० साली वाराणसीजवळ गंगेत तो सापडला, तेव्हा देशभर बातमी झाली. आंध्रात त्याला 'सैतान मासा' म्हणतात. मेक्सिकोतील इन्फिएर्निलो जलाशयात चिलापी माशाचा फार मोठा व्यवसाय होता. या शतकाच्या आरंभी तेथे सकर इतका माजला की जाळ्यात बहुतांश तोच येऊ लागला आणि हजारो मच्छीमारांच्या पोटावर पाय आला. या सर्व ठिकाणी त्याचे मूळ कोणाच्या तरी शोभेच्या टाकीत किंवा शोभेच्या माशांच्या व्यापारात आहे, असेच अभ्यासक मानतात.

आपला बुलढाणा जिल्हा या बाबतीत विशेष नाजूक जागी आहे. घाटाखालचे पाणी पूर्णेतून तापीला आणि पुढे अरबी समुद्राला मिळते. घाटावरचे पाणी पैनगंगा, खडकपूर्णेतून गोदावरीच्या खोऱ्यात आणि शेवटी बंगालच्या उपसागराला जाते. म्हणजे या जिल्ह्यात सोडलेल्या माशाला दोन मोठ्या खोऱ्यांचे दरवाजे उघडे आहेत. येथील धरणांवर मच्छीमार सहकारी संस्था कटला, रोहू, मृगळाची बोटुकली विकत आणून सोडतात आणि वर्षभर वाट पाहतात. त्यांच्या घामाच्या पैशात आपल्या हौसेचा मासा वाटेकरी होऊ नये.

परदेशी मागुराचा अनुभव आपल्या पाठीशी आहेच. मांसासाठी आणलेला आफ्रिकन मागूर नद्या-तळ्यांत पसरू लागला तेव्हा केंद्र सरकारने २००० साली त्याच्या पालनावर बंदी घातली. बंदी आली तरी मासा नद्यांतून गेला नाही. पाण्यात सुटलेली चूक परत बाटलीत भरता येत नाही.

म्हणून आमची सर्वांना विनंती आहे की टाकीतील कोणताही मासा बाहेरच्या पाण्यात सोडू नका. नको असल्यास दुकानदाराला परत द्या किंवा मोठी टाकी असलेल्याला द्या. मेल्यास मातीत पुरा, ओढ्यात फेकू नका.

विकणाऱ्याने काय करावे?

व्यापारात नफा पाहिजेच. परंतु जो माल आपण विकतो त्याचा दोष लपवून नफा घेतला तर तो टिकत नाही. अमडापूरच्या त्या तरुणाला आम्ही जे सांगितले तेच येथे देत आहोत.

सकरच्या टाकीवर पाटी लावावी : 'हा मासा दीड फूट वाढतो. सहा फुटांची टाकी असेल तरच घ्या.' विक्री घटेल, तक्रारी त्याहून जास्त घटतील. शेवाळाची तक्रार घेऊन आलेल्याला प्रथम टाकी कोठे आहे, दिवा किती तास जळतो, खाद्य किती टाकता, हे तीन प्रश्न विचारावेत. मग स्पंज, टायमर, पाणवनस्पती विकाव्यात. यात नफाही आहे आणि गिऱ्हाइकाचा गुणही. विकलेला सकर मोठा झाल्यावर परत घेण्याची तयारी ठेवावी.

ज्यांना पुढे जायचे आहे त्यांनी ब्रिसलनोजची पैदास घरीच करून पाहावी. अडीच-तीन फुटांची टाकी, एक नर, दोन माद्या आणि पीव्हीसी पाईपचा एका बाजूने बंद केलेला तुकडा एवढ्या सामानावर सुरुवात होते. मादी पाईपमध्ये नारिंगी रंगाची पन्नास-शंभर अंडी घालते, राखण नर करतो. आठवडाभरात पिले बाहेर पडतात आणि काही महिन्यांत विकण्याजोगी होतात. कोलकाता, चेन्नई किंवा मुंबईच्या कुर्ला बाजारातून येणारा माल थर्मोकोलच्या पेटीत दिवस-रात्र प्रवास करून अर्धमेला पोहोचतो. गावच्याच पाण्यात जन्मलेला मासा त्याहून नक्कीच टिकतो.

मात्र उड्या मारू नयेत. 'पिले आम्ही परत विकत घेऊ' असे सांगून महागडा संच गळ्यात बांधणाऱ्यांपासून दूर राहावे. ईमू पक्ष्यांच्या पालनात असेच आश्वासन होते आणि २०१२ साली तमिळनाडूत त्या योजना कोसळल्या, तेव्हा हजारोंचे पैसे बुडाले. आधी एक टाकी, मग दोन. आजूबाजूची चार-पाच दुकाने किती माल उचलतात ते पाहून पुढचे पाऊल टाकावे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत घरगुती शोभिवंत मत्स्यपालनाचा प्रकल्पखर्च ३ लाख रुपये धरलेला होता. त्यावर सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान ठेवले होते. अर्ज करण्यापूर्वी अनुदानाची सद्यःस्थिती जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात स्वतः जाऊन विचारावी. दलालामार्फत जाऊ नये.

शेवटी थोडक्यात सांगायचे तर मोठा सकर घरगुती टाकीसाठी नव्हे. दोन-तीन फुटांच्या टाकीत तो ठेवणे म्हणजे माशाचे हाल, खिशाला भुर्दंड आणि उद्या एखाद्या धरणाला धोका. शेवाळासाठी उजेड आणि खाद्य आवरावे, आठवड्याला पाणी बदलावे, स्पंज फिरवावा. हौस असल्यास ब्रिसलनोज ठेवावा.

अमडापूरच्या त्या तरुणाने पन्नास सकरांची मागणी रद्द केली आणि त्या पैशात आठ ब्रिसलनोज, काही पाणवनस्पती व डझनभर स्पंज मागविले. जुन्या तीस गिऱ्हाइकांपैकी जी ओळखीची होती त्यांना त्याने निरोप पाठविला : "मासा मोठा झाला तर आणून द्या, पण तळ्यात सोडू नका." आतापर्यंत सहा परत आले आहेत. त्यांच्यासाठी त्याने घरामागे सिमेंटचे एक हौद बांधायला घेतले आहे. त्यावर जाळी पक्की बसव, पावसाळ्यात ते भरून वाहू देऊ नकोस, एवढे मात्र आम्ही त्याला निघताना बजावून सांगितले.